देणाऱ्याचा ताप

जुन्या मोटारीचा डायनॅमो दोन तऱ्हांनी जळतो. झेपेल त्याहून जास्त वीज मागितली तर तो जळतो, हे कुणालाही पटते. पण त्याने केलेली वीज घ्यायला पुढे कुणीच नसेल तरीही तो जळतो, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटे वाटते. खंडेनवमीला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत, मिरजगाव, राशीन इथल्या गॅरेजांत पाने-पकडींना हळदकुंकू लागते, गाड्यांच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा चढतात. यंत्राची अशी मनोभावे पूजा करणारा समाज यंत्राच्या वागण्याकडून धर्मविचारातले काही शिकायला मात्र कचरतो. ते क्षेत्र पोथीचे, हे पान्याचे, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. डायनॅमोचा विषय काढला आहे तो एका जुन्या प्रश्नासाठी. देणे हा आपल्याकडे सर्वांत वरचा धर्म मानला गेला. मग देण्याला सीमा असावी का, आणि असली तर ती कुणी, कशावरून ठरवायची? माझे उत्तर असे, की सीमा असावी आणि ती देणाऱ्याच्या अंगच्या तापावरून, प्रत्यक्ष मोजून ठरवावी. घेणाऱ्याची गरज आणि बघणाऱ्यांचे कौतुक ही दोन्ही मापे त्या कामाला खोटी आहेत.

आधी ताप म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. डायनॅमोच्या पोटात आर्मेचर फिरते, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. तिची वीज कम्युटेटरवर घासणारे कार्बन उचलतात. भोवती फिल्ड कॉइल चुंबकत्व पुरवतात. १८४० च्या सुमारास जूलने दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दहाऐवजी पंधरा अँपिअर मागितले तर वीज दीडपट होते, उष्णता सव्वादोनपट. त्यात तांब्याचा स्वभाव असा, की ते तापले की दर अंशाला सुमारे ०.४ टक्के जास्त अडवू लागते. २० अंशांवरून १०० अंशांवर गेलेली गुंडाळी तेवढ्याच विजेला जवळजवळ तीस टक्के जास्त अडवते आणि म्हणून आणखी तापते. ताप तापाला जन्म देतो. तारेवरचे जुन्या पद्धतीचे वेष्टण सुताचे आणि वार्निशचे. त्याची सहनशक्ती १०५ अंशांपर्यंत धरतात. त्याआधीही ते झिजतच असते, आणि अभियंत्यांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की वेष्टणाचे आयुष्य निम्मे होते. शेवटी कम्युटेटरला तारा जोडणारा डाख वितळतो आणि फिरण्याच्या जोराने बाहेर भिरकावला जातो. जळालेला डायनॅमो उघडला की आतल्या भिंतीवर चांदीसारख्या थेंबांची एक रांग दिसते. जाणता वायरमन ती पाहूनच सांगतो, की याच्याकडून कुणीतरी फार घेतले.

आता हे मोजमाप कर्जतला आणून पाहू. लुकास कंपनीचा सी-४० हा डायनॅमो एके काळी अनेक इंग्रजी गाड्यांवर असे. त्याची क्षमता २२ अँपिअर. हेडलाइटचे साठ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर दहा अँपिअर खातात. हौसेने शंभर वॅटचे आणखी दोन दिवे पुढे बसवले की बेरीज २७ च्या आसपास जाते, इग्निशन आणि हॉर्न वेगळेच. देणे आवरणाऱ्या रेग्युलेटरचा स्क्रू पिळून ते २७ काढलेच, तर आतली उष्णता नेहमीच्या दीडपट होते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा, २० अंशांच्या हवेत २२ अँपिअर देताना गुंडाळी बरोबर १०५ अंशांना पोहोचते. म्हणजे हवेवर ८५ अंश चढायला तिला वाव आहे. भीमेच्या उत्तरेचा हा अवर्षणाचा पट्टा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. ४२ अंशांच्या हवेत वाव उरतो ६३ अंशांचा, आणि वर्गमुळाचा साधा हिशोब मांडला तर तोच डायनॅमो इथे १९ अँपिअरचा ठरतो. बॉनेटखालची हवा बाहेरच्याहून गरम असते आणि हवेची भोके मुरमाच्या धुळीने बुजलेली असतात, ते या हिशोबात धरलेलेच नाही. अंगावरच्या पट्टीवर छापलेला आकडा तोच आहे, पट्टी खोटीही नाही. तरी त्या आकड्याला इथे तीन अँपिअरची तूट आहे. कुणाची शक्ती किती, या प्रश्नाचे उत्तर तो कुठे उभा आहे हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

ही गोष्ट आपल्या शास्त्रांना अपरिचित नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची ओळख देश, काल आणि पात्र या तीन कसोट्यांनी करून दिली आहे. देश म्हणजे कर्जतचे ऊन, काल म्हणजे रात्रीचा सलग प्रवास आणि पात्र म्हणजे ती वीज घेणारी बॅटरी, असे म्हटले तर कुणा शास्त्र्याला राग यावा असे नाही. पण तिन्ही कसोट्या बाहेरच्या आहेत. देणाऱ्याचे काय? लगेच पुढे राजस दानाच्या वर्णनात कष्टी होऊन दिलेल्या दानाचा उल्लेख येतो, तेव्हा दाता दृष्टीआड नाही हे खरे. पण तिथे त्याच्या मनाचा विचार आहे, शक्तीचा नाही. शक्तीचा विचार सापडतो तो मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात. आपली माणसे हालात ठेवून परक्यांना देत सुटणाऱ्याचे दान हे धर्माचे सोंग आहे, असा तिथला निर्वाळा आहे. मनूचा आधार घेताना हात थबकतो, आणि थबकावाच. त्याचे कारण पुढे येईल. तूर्त एवढेच, की देश-काल-पात्र या त्रयीत ‘दाता’ हे चौथे पद घालावे लागते आणि ते घातल्याशिवाय उरलेली तीनही अपुरी राहतात.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या मुखानेच येईल. शिबीने कबुतरासाठी अंगाचे मांस कापून दिले, दधीचीने हाडे दिली, कर्णाने कवचकुंडले उतरवून दिली. यांतल्या कुणी ताप मोजला होता? मोजून देणे हा दुकानदाराचा धर्म, दात्याचा नव्हे. आक्षेप वजनदार आहे आणि त्याला टाळून जाता येणार नाही. पण या तिन्ही कथांत एक सारखेपणा आहे, तो सहसा कुणी बोलून दाखवत नाही: हे दान एकदाच होते. दधीचीला रोज संध्याकाळी हाडे मागायला कुणी येत नव्हते. प्राण देण्याचा क्षण आणि आयुष्यभराची सेवा यांना एकच नियम लावला की घोटाळा होतो, कारण पहिल्यात देणारा संपला तरी काम होते, दुसऱ्यात देणारा संपला की काम संपते. डायनॅमो दुसऱ्या जातीचा. घरातली आई, गावातली आशासेविका, एकशिक्षकी शाळेतला मास्तर हेही दुसऱ्याच जातीचे. त्यांना निरोपाच्या समारंभात ‘स्वतः जळून उजेड दिला’ म्हणून गौरवले जाते, आणि ऐकणारे डोळे पुसतात. समईकडे नीट पाहणाऱ्याला ही उपमा फसवी आहे हे कळते. समईत तेल असते तोवर जळते ते तेल. वात नुसती काजळते. तेल संपले की मग वात जळू लागते, धूर होतो आणि उजेड उरत नाही. वात जळण्याचे गोडवे गाणारा बहुधा तेल घालण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती तोच असतो.

सीमा असावी एवढे मान्य केले तरी ती कशा प्रकारची असावी हा प्रश्न उरतो, आणि इथे जुन्या गाड्यांच्या वायरिंगचा इतिहास एखाद्या नीतिशास्त्राच्या ग्रंथाइतका सूक्ष्म आहे. सर्वांत खालची पायरी फ्यूजची. तो शिक्षेच्या भीतीसारखा: मर्यादा ओलांडली की सगळेच बंद पाडतो, आणि त्याआधी एक अक्षर बोलत नाही. दुसरी पायरी तिसऱ्या कार्बनची. फोर्डच्या मॉडेल ए गाड्यांवर, म्हणजे १९२७ ते १९३१ या काळात, डायनॅमोला दोन मुख्य कार्बनांखेरीज एक सरकता तिसरा कार्बन असे. फिल्ड कॉइलला वीज मिळे ती त्याच्यातून. तो पुढे-मागे सरकवून किती अँपिअर द्यायचे ते एकदा हाताने ठरवायचे. वेग फार वाढला की आर्मेचरचेच चुंबकत्व फिल्डला तिरपे ढकलते आणि देणे आपोआप उतरते. रचना हुशारीची होती. पण बॅटरी भरलेली आहे की रिकामी, याची तिला गंधवार्ता नसे. म्हणून हिवाळ्यात कार्बन एका जागी, उन्हाळ्यात दुसऱ्या, आणि दिवसाचा लांबचा पल्ला असला की भर उन्हात हेडलाइट लावून जादा वीज उधळून टाकायची, नाहीतर बॅटरी उकळायची. हे व्रत झाले. व्रत वाईट नसते. ज्याला क्षणोक्षणी विचार करायला सवड नाही त्याला ते तारून नेते. आठ विनायकांत उजव्या सोंडेचा एकच, तो याच तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेकला आहे. उजव्या सोंडेचे दैवत कडक, त्याचे सोवळे मोडून चालत नाही, ही श्रद्धा त्या व्रताचीच भाषा बोलते. फक्त व्रताला ऋतू कळत नाही. तो माणसाने कळून घेऊन कार्बन सरकवावा लागतो.

तिसरी पायरी रेग्युलेटरची. त्यातली लोखंडी पट्टी सेकंदाला कित्येक वेळा थरथरते, टोके उघडतात, मिटतात. दाब वाढला की फिल्ड कमी, उतरला की पुन्हा पूर्ण. बॅटरी जसजशी भरत जाते तसतसे देणे आपसूक घटते. चांगल्या रेग्युलेटरमध्ये उष्णतेची जाणीवही घातलेली असे, गरम हवेत तो आपली सीमा थोडी खाली ओढून घेई. त्याच्या शेजारी कटआउट. इंजिन मंदावून डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा खाली आला की तो जोड तोडतो. त्याची टोके चिकटून बसली तर वीज उलटी वाहते आणि ज्याने द्यायचे तोच घेणारा होऊन आतून जळतो. याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आहार-विहाराचे विवेचन आहे. जिभेचा किंवा झोपेचा गुलाम झालेला तिथे बाद होतो, हे अपेक्षितच आहे. पण हट्टाने भूक मारणारा आणि झोप तोडणाराही तितकाच बाद होतो. खाणे, चालणे, बोलणे, झोपणे, जागणे हे सगळे चालू ठेवायचे, मापाने. संयम म्हणजे बंद करणे ही समजूत फ्यूजची आहे. ज्ञानदेवांचा संयम थरथरत्या पट्टीच्या कुळातला. कुणी म्हणेल, पट्टीला इच्छा नाही, तिला संयमी कसे म्हणता? अगदी बरोबर, पट्टी संयमी नाही. पण तिचा स्क्रू कुठवर पिळायचा हे ठरवणारा माणूस इच्छा असलेला आहे. डायनॅमोचा ताप हा त्या माणसाच्या हावेचा किंवा विवेकाचा पुरावा असतो, आणि म्हणूनच तो नीतीचा विषय होतो.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळाच आहे. ‘ज्याची त्याची सीमा’ ही भाषा या देशात निरागस राहिलेली नाही. स्वधर्म, अधिकार, पात्रता हे शब्द वापरूनच कोट्यवधी माणसांना सांगितले गेले, की तुमची धाव इथवरच. ज्या मनूचा वर दाखला दिला, त्याच्याच ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, ती या सीमांमुळेच. (त्याच महिन्याच्या सुरुवातीला मॉडेल ए बाजारात आली होती. हा निव्वळ योगायोग, पण एका बाजूला हाताने सरकवता येणारी मर्यादा आणि दुसऱ्या बाजूला कुणालाच सरकवू न दिलेली, हे चित्र डोक्यातून जात नाही.) तेव्हा यंत्राच्या मर्यादेवरून माणसाच्या मर्यादेकडे जाणे म्हणजे जुन्याच विषमतेला नवा तांत्रिक मुलामा देणे नाही का? उत्तर द्यायचे तर दोन्ही मर्यादा कशा ठरल्या ते पाहावे लागते. २२ अँपिअर हा आकडा डायनॅमो फिरवून, तापवून, मोजून आलेला आहे. उद्या चांगले वेष्टण घातले, मोठा पंखा बसवला तर तो बदलेल, आणि तो बदलू नये असा कुणाचा हट्ट नाही. जातीची सीमा कधी मोजलीच गेली नव्हती. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंबेडकरांनी नेमके इथे बोट ठेवले: माणसाला काम मिळते ते त्याच्या कमावलेल्या कुवतीवरून नव्हे, आईबापांच्या समाजातल्या जागेवरून. बाईला विद्या झेपत नाही, हीसुद्धा अशीच न मोजलेली सीमा. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सिंथिया फरार यांच्या संस्थेत. प्रत्यक्ष मोजायला घेतल्याबरोबर ती सीमा जागेवर सापडलीच नाही. म्हणजे मोजण्याचा आग्रह हा विषमतेचा आधार ठरत नाही, तिच्यावरचे सर्वांत धारदार हत्यार ठरतो. आणि त्याचीच दुसरी बाजू अशी, की ज्यांना वर्षानुवर्षे ‘तुमचा धर्मच राबण्याचा’ असे सांगितले गेले, त्यांचा ताप कुणी हात लावून पाहिलाच नव्हता. त्यांच्या देण्याला सीमा नव्हती आणि मिळवण्याला होती. दोन्ही अन्याय एकाच आळसातून आले.

उरला व्यवहारी माणसाचा आक्षेप: एवढे कशाला, डायनॅमो काढा आणि अल्टरनेटर बसवा. क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलियंट गाडीवर तो आणला आणि पुढे जगभर डायनॅमो मागे पडला. कामाची गाडी असेल तर माझा याला काहीही विरोध नाही. दूध-भाजी वाहणाऱ्या जीपला प्राचीनतेचे व्रत पाळायला लावणे हा क्रूर विनोद होईल. पण जी गाडी जुनी म्हणूनच जपली जाते तिचे काय? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. ती जुनीपणासाठीच तिथे आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, अट ही की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्या यादीत डायनॅमोचे नाव नाही. गाडी तीच राहिली हे ठरते कशावरून, हा प्रश्न जुना आहे. मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने विचारले होते, की रथ म्हणजे नेमके काय, चाके, आस, की जू? यांतले काहीच रथ नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. कामिका एकादशीला कर्जतच्या गल्ल्यांतून गोदड महाराजांचा रथ ओढणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने रथ ठरतो तो आत कोण बसले आहे त्यावरून. सरकारी नियम तिसरेच उत्तर देतो: तीन गोष्टी शाबूत असल्या की गाडी तीच. मला या तिन्हींत काही चुकीचे दिसत नाही. मन खट्टू होते ते फक्त एका प्रकाराने. हल्ली बाहेरून डायनॅमोचेच कवच आणि पोटात अल्टरनेटर, अशी वस्तू तयार मिळते. ती उपयुक्त आहे, भरपूर देते. पण तिच्या अंगावर जुनी मर्यादा दिसते आणि आत ती पाळली जात नाही, याला धर्मविचारात जो शब्द आहे तो फारसा आदराचा नाही. उघड अल्टरनेटर बसवणारा त्या मानाने सरळ माणूस.

आता सुरुवातीला सांगितलेली दुसरी तऱ्हा. सीमेची एवढी भलामण ऐकून कुणी असा अर्थ काढेल, की न देणे हेच सुरक्षित. हात आखडला की ताप नाही. डायनॅमोला हे लागू पडत नाही. तिसऱ्या कार्बनच्या जुन्या रचनेत फिल्ड कॉइलला वीज मिळते ती डायनॅमोच्याच उत्पन्नातून. बॅटरी जोडलेली असते तोवर ती दाब धरून ठेवते. बॅटरीची तार सुटली, की वीज घेणारे कुणी उरत नाही, दाब चढतो. चढलेला दाब फिल्डला जास्त वीज पुरवतो. चुंबकत्व वाढून दाब आणखी चढतो, आणि एक अँपिअरही बाहेर न देता कॉइल आतल्या आत भाजून निघतात. पोरे पुण्याला गेल्यावर मोठ्या वाड्यात एकटीच स्वयंपाक करून कुणाची तरी वाट पाहणारी म्हातारी कर्जत-जामखेडच्या गावोगाव आहे, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१९ पासून डायनॅमो आला, पण तिचे इग्निशन मॅग्नेटोवर चाले, त्यामुळे बॅटरी नसतानाही ती धावू शके आणि नेमका हा धोका पत्करी. त्यावरचा उपाय जुन्या मेकॅनिकांच्या हाताला ठाऊक होता. बॅटरी नसेल तर डायनॅमोच्या टर्मिनलला तारेचा एक तुकडा जोडायचा आणि त्याचे दुसरे टोक गाडीच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला, पक्के बांधायचे. घेणारे कुणी नसले तरी वाट मिळते, दाब चढतच नाही, फिल्ड निवते. मग इंजिन चालू राहते, आर्मेचर फिरत राहते, आणि हात ठेवला तर डायनॅमो गार लागतो.